विहिरीची खोली आणि खर्चाचा दर

आमच्या कोकणीत जिला 'बांय' म्हणतात, तिलाच येथील कन्नडात 'बावी' आणि मराठीत विहीर असे नाव आहे. नाव कोणतेही असो, ती खणताना अंदाज चुकला तर घरातील दागिना गहाण पडतो. खजुरीस आल्यावर एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडून मी अशीच एक हकीकत ऐकली. आकडे हिशेबास सोयीचे करून सांगतो. पहिले २० फूट खणण्यास ४०,००० रुपये लागले. तेव्हा पुढील २० फुटांसही तेवढेच लागतील, असे त्यांनी धरले. ८०,००० रुपये संपले तेव्हा विहीर ३१ फुटांवर होती आणि पाण्याचा पत्ता नव्हता.

त्यांचे चुकले कोठे? भागाकार बिनचूक होता. फुटास सरासरी २,००० रुपये हा दर खराच होता. परंतु तो पहिल्या २० फुटांपुरता खरा होता.

थोडा विचार करा. माती फोडण्याची मजुरी दर फुटास सारखीच धरली, तरी १० फुटांवरील टोपले १० फूट वर ओढावे लागते आणि ३० फुटांवरील ३० फूट. म्हणून उपसण्याचे एकूण श्रम खोलीच्या वर्गाप्रमाणे वाढत जातात. (मध्ये काळा पाषाण लागला तर हिशेब निराळाच!) खोली क्ष फूट मानल्यास एकूण खर्च असा मांडता येईल :

ख = ५०क्ष² + १,०००क्ष

ज्यात अज्ञाताचा वर्ग हा सर्वांत मोठा घात असतो, असे हे द्विघाती फल होय. क्ष = २० घेतल्यास ख = ४०,००० येते; क्ष = ४० घेतल्यास १,२०,०००. म्हणजे दुसऱ्या २० फुटांस ८०,००० रुपये, अर्थात फुटास ४,००० रुपये पडतात. दर दुप्पट झाला!

खर्चातील वाढीस खोलीतील वाढीने भागले म्हणजे बदलाचा सरासरी दर मिळतो. मी कलाशाखेचा पदवीधर, लांबलचक आकडेमोडीस भिणारा; म्हणून पुढील सोय मला विशेष आवडते. खोली अ पासून ब पर्यंत नेली, तर खर्चातील वाढ ५०(ब² − अ²) + १,०००(ब − अ) होते. तुमच्या ओळखीच्या सूत्राप्रमाणे ब² − अ² चे अवयव (ब − अ)(ब + अ) हे आहेत. (ब − अ) ने भागताच उरते :

सरासरी दर = ५०(अ + ब) + १,०००

२० आणि ४० घालून पाहा : ५० × ६० + १,००० = ४,०००. विहिरीच्या मालकांनी कुदळ मारण्यापूर्वी एवढी एकच बेरीज केली असती तर! हल्ली विंधनविहिरी घेतात, तेथेही काही खोलीनंतर फुटाचा दर टप्प्याटप्प्याने चढतो; म्हणून हा विषय शिळा झाला असे कोणी मानू नये.

सरासरी एका टप्प्याची असते, क्षणाची नसते, हा भेद आपल्याकडे फार पूर्वी ओळखला गेला होता. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणि' ग्रंथात ग्रहाची दिवसभराची स्थूल गती आणि त्या त्या वेळची 'तात्कालिकी' गती निरनिराळी मानली आहे. चंद्राची चाल सतत पालटते, तेथे दिवसभराची सरासरी पुरत नाही. चाळीसगावजवळील पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, असे तेथील शिलालेख सांगतो.

आता आपल्या विहिरीत नेमक्या ३० फुटांवर दर काय असेल? २९ ते ३१ हा टप्पा घ्या : ५० × ६० + १,००० = ४,०००. टप्पा आणखी लहान करून २९.५ ते ३०.५ घ्या, उत्तर तेच. २० ते ४० या मोठ्या टप्प्याचेही तेच होते. द्विघाती फलात टप्प्याची सरासरी आणि त्याच्या मध्यबिंदूवरील तात्कालिक दर नेहमी जुळतात. क्ष चा घन घेऊन, ० ते २ या टप्प्यात हीच परीक्षा करून पाहा. तेथे सरासरी ४ येते, मध्यबिंदूवरील दर मात्र ३ भरतो.