एकाच सोसायटीतले अनेक पाडवे

मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्यांत नवे वर्ष एकदाच येत नाही. चैत्र शुद्ध प्रतिपदेला मराठी दारात गुढी उभी राहते, तेलुगू शेजाऱ्यांकडे उगादीची पच्चडी होते. लगोलग सिंधी मंडळींचा चेटीचंड, झुलेलालचा जन्मदिवस. मल्याळी विशू आणि तमिळ पुथांडू मात्र सूर्याच्या मेष संक्रमणावर ठरतात, म्हणून त्यांची तारीख 14 एप्रिलच्या आसपासच राहते.

खरी गंमत गुजरात्यांची. त्यांचे बेसतुं वरस कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या दिवाळी पाडव्यालाच! दिवाळीच्या अमावास्येला चोपडापूजन, नववर्षाच्या पहाटे ‘सबरस’ म्हणून शुभ मानलेल्या मिठाची खरेदी, मग घरोघरी ‘साल मुबारक’. त्या दिवशी त्यांचा विक्रम संवत बदलतो आणि आपल्या शालिवाहन शकाच्या 135 वर्षे पुढे जातो.