घरगुती विद्युद्भारदर्शक
भंडारा म्हटला म्हणजे भाताचीं शेतें, तलाव, पितळेचीं भांडीं आणि कोशाचें वस्त्र डोळ्यांपुढें येतें. विजेच्या कोरड्या सेलाशींहि या जिल्ह्याचें नातें आहे, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें. तुमसर तालुक्यांतील डोंगरी बुजुर्ग खाणीचें मँगनीज डायऑक्साइड सेलांच्या कारखान्यांस जातें. एक बॅटरी, बोटभर पितळी तार व जीर्ण मुकट्याचा तुकडा घरांत असेल, तर अदृश्य विद्युद्भार दाखविणारें साधन मुलांना तासाभरांत करतां येईल.

पूर्वीं या कामीं सोन्याच्या वर्खाचें विद्युद्दर्शक असे. वर्ख फार नाजूक. त्याचें काम आतां बीएफडब्ल्यू १० हा लहानसा ट्रान्झिस्टर करितो. त्याचे पाय चार: सोर्स, ड्रेन, गेट व कवच, कोणता कोठें, तें विक्रेत्याकडून समजून घ्यावें. ९ व्होल्टच्या बॅटरीच्या धन टोकापासून ३३० ओहमचा रेझिस्टर, मग लाल एलईडी (लांब पाय बॅटरीकडे), मग ड्रेन, अशी सांखळी जोडावी. सोर्स व कवच ऋण टोकास. गेटला १ मेगओहमचा रेझिस्टर लावून पुढें पितळी तार जोडावी. ती कशासहि टेकूं देऊं नये. दिवा लागला नाहीं, तर तार व ऋण टोक यांस क्षणभर एकदम बोट लावावें.

आतां प्लॅस्टिकची फणी कोरड्या केसांवर घासून तारेजवळ आणा. न शिवतां दिवा मालवेल! फणीवरील ऋण भारानें गेट ऋण होतें व ड्रेन-सोर्समधील वाट आंवळली जाते. गेटमधून प्रवाह जवळजवळ वाहतच नाहीं, म्हणून एवढासा भार पुरतो. मुकट्यावर घासलेली कांचेची नळी आणली, तर दिवा तसाच राहतो. ती दूर नेतांच मात्र विझतो. धन भार जवळ असतांना गेटवर ओढला गेलेला ऋण भार मागें उरतो, त्याची ही करामत. भार धन कीं ऋण, हें असें ओळखतां येतें.

श्रावणांत प्रयोग फसतो, कारण दमट हवेंत भार टिकत नाहीं. पौषांतील कोरडी हवा उत्तम.

हा केवळ खेळ नव्हे. भंडाऱ्याजवळच जवाहरनगरची आयुधनिर्माणी आहे. स्फोटक द्रव्यांच्या कामांत कृत्रिम धाग्याच्या कपड्यावर सांचलेल्या भाराची एक ठिणगीहि प्राणघातक ठरूं शकते. म्हणून अशा ठिकाणीं सुती पोशाख व जमिनीशीं जोडलेलीं यंत्रें आवश्यक मानतात. आजीचा मुकटा व सुनेची पॉलिएस्टरची साडी यांत अधिक भार कोण धरितें, तें या दिव्यापुढें घरींच पाहावें.

मेघ गर्जत असतां मात्र ही तार गच्चीवर नेऊं नये.