हिरव्या पाण्याचा हिशेब माशांकडे

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीची ओळख केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे. पण या अवर्षणप्रवण मुलखात माणसं आणि जनावरं तगून राहतात ती तलावांच्या जिवावर. उन्हाळ्यात पातळी खाली गेली, की मराठवाड्यातल्या अशा तलावांचं पाणी हिरवं पडू लागतं. खतातून, सांडपाण्यातून आलेला फॉस्फरस, कडक ऊन आणि साचलेलं पाणी, शेवाळाला एवढं पुरतं. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर धरल्याची नोंद आहे. त्याचं विष यकृताला बाधतं आणि पाणी उकळलं तरी जात नाही.

शेवाळाला खाणारंही कुणी आहे. डॅफ्निया, म्हणजे पाणपिसू, दिवसभर पाणी गाळून त्यातलं शेवाळ फस्त करते. पाणपिसूला छोटे मासे खातात, छोट्यांना मोठे. मोठे मासे संपले की छोटे माजतात, पाणपिसवा घटतात आणि पाणी हिरवं होतं. ही साखळी मुद्दाम बदलण्याच्या उपायाला जोसेफ शापिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ‘बायोमॅनिप्युलेशन’ असं नाव दिलं.

फिनलंडमधल्या लाहती शहराने वेसियार्वी तलावात सांडपाणी सोडणं १९७६ मध्ये बंद केलं. तरी शेवाळ हटेना. मग १९८९ ते १९९३ या काळात तिथून हजारभर टन छोटे मासे उपसले आणि शिकारी मासे सोडले. त्यानंतर पाणी निवळलं. नुसतं सांडपाणी थांबवून भागलं नव्हतं, आणि ते थांबवल्यावाचून मासे उपसूनही फारसं साधलं नसतं.

आपल्याकडे हा उपाय जसाच्या तसा लागू पडणार नाही. इथल्या उबदार पाण्यात चिलापीसारखे मासे वर्षातून अनेकदा पिल्लं देतात. आज काढले तर काही महिन्यांत पुन्हा भरतात. मायक्रोसिस्टिसचे पुंजके पाणपिसूच्या तोंडात मावतही नाहीत.

तरीही अन्नसाखळीत आपण दरवर्षी हात घालतोच. मासेमारीचा ठेका घेतलेल्या तलावात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडली जाते. यातला कटला मुख्यतः पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातो, म्हणजे शेवाळाच्या शत्रूलाच. मृगळ तळ ढवळतो, त्यामुळे गाळातलं पोषण वर येतं. मत्स्यबीजाचा हिशेब किलो आणि रुपयांत होतो; तलाव पिण्याच्या पाण्याचा असेल, तर हा हिशेब पाण्याच्या अंगानेही व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. छोट्या माशांना आवर घालायला मरळ हा आपला देशी शिकारी मासा आहे, शिवाय चांगल्या भावाचा. तो बोटुकली खातो, हा मच्छीमारांचा आक्षेप रास्त आहे. म्हणून बीज मोठं वाढवून सोडावं आणि मरळीच्या विणीच्या दिवसांत जाळी आवरावी. त्याआधी गावाचा नाला मात्र तलावापासून वळवलेला हवा.