बोनाफाईड, इग्नोरेमस, हेबिअस कॉर्पस : इंग्रजीतल्या कायद्याच्या लॅटिनविषयी

दहावीनंतर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. वडील हमालीचा खाडा करून माझ्याबरोबर तालुक्याला आले. खिडकीतल्या क्लार्कने कागद वरखाली केले आणि परत सरकवले. ‘बोनाफाईड कुठाय? बोनाफाईड आणा.’ बाहेर आल्यावर वडिलांनी विचारले, ‘बोनाफाईड म्हंजी काय रं?’ घरात दहावी झालेला मी पहिलाच, आणि मला सांगता आले नाही. ‘शाळेतून आणायचा कागद असतो,’ एवढेच म्हणालो. त्या कागदापायी आणखी एक खाडा पडला. तो शब्द इंग्रजी आहे अशी माझी समजूत होती. तो इंग्रजी नाहीच, हे एम. ए.ला असताना शब्दकोशात दुसरेच काही शोधताना कळले.

बोना फिडे. लॅटिनमध्ये ‘फिडेस’ म्हणजे विश्वास, दिलेला शब्द पाळणे. बोना फिडे म्हणजे ‘चांगल्या विश्वासाने’. रोमन कायद्यात विक्री, भाडे, भागीदारी अशा व्यवहारांचे खटले या तत्त्वावर चालत. करारातली अक्षरे काय म्हणतात एवढेच न्यायाधीशाने पाहायचे नाही. प्रामाणिक माणसांमध्ये काय व्हायला हवे होते तेही पाहायचे. तिथून हा शब्द इंग्रजी कायद्यात आला, कायद्यातून रोजच्या इंग्रजीत आला आणि तिथे त्याचा अर्थ ‘खरा, अस्सल’ असा झाला. आपल्या कचेऱ्यांत तर तो नुसता कागद झाला. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याकडून मागायच्या कागदाला ‘विश्वासाने’ हे नाव! वडिलांना मी हे बऱ्याच वर्षांनी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘मंग त्या कारकुनाजवळ हुता का त्यो?’

आता मी इंग्रजी शिकवतो. माझ्या वर्गातली बरीच मुले माझ्यासारखीच, घरात पहिल्यांदा शिकणारी. इंग्रजी वर्तमानपत्राचे एक पान त्यांच्यासमोर ठेवले की असे शब्द खड्यासारखे लागतात : अ‍ॅलिबाय, एलियस, व्हेटो, कोरम, स्टेटस को, अ‍ॅड हॉक, प्रायमा फेसी, क्विड प्रो को. मुले थबकतात. आपले इंग्रजी कच्चे आहे म्हणून हे कळत नाही, असे त्यांना वाटते. मी त्यांना पहिल्यांदा हेच सांगतो की हे इंग्रजी नाही. लंडनच्या गोदीतल्या कामगारालाही ते जन्माने येत नव्हते. मग दुसरी गोष्ट सांगतो. यातले पुष्कळ शब्द हे मुळात शब्द नाहीत, वाक्ये आहेत, किंवा वाक्याचे तुकडे आहेत. वाक्य म्हटले की बोलणारा आलाच. तेव्हा कोण बोलतो आहे आणि कोणाला, हे आधी शोधायचे.

उदाहरणार्थ अ‍ॅफिडेव्हिट. आपल्या खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसालाही हा शब्द ठाऊक असतो, कारण जातीच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत तो त्याच्या मागे लागलेला असतो. त्याचा अर्थ, ‘त्याने शपथेवर सांगितले आहे’. त्यातही तोच ‘फिडेस’ दडलेला आहे. कॅव्हिएट म्हणजे ‘त्याने सावध राहावे’. मँडॅमस म्हणजे ‘आम्ही आज्ञा करतो’. हा ‘आम्ही’ म्हणजे राजा. सबपीना म्हणजे ‘दंडाच्या धाकाखाली’, साक्षीला बोलावणाऱ्या हुकमातले दोन शब्द. अ‍ॅलिबाय म्हणजे साधे ‘दुसरीकडे’ : गुन्हा घडला तेव्हा मी दुसरीकडे होतो. रोजच्या इंग्रजीत आज तो कुठल्याही सबबीसाठी वापरतात. एलियसचे काम आपल्याकडे अरबीतून आलेला ‘उर्फ’ करतो. कोरम म्हणजे ‘ज्यांपैकी’. इंग्लंडचा राजा स्थानिक न्यायाधिकारी नेमताना सनदेत लिहायचा, की ज्यांपैकी अमुक एक जण हजर असलाच पाहिजे. त्या वाक्यातला एक शब्द उरला आणि आमच्या ग्रामसभेपर्यंत पोचला.

व्हेटोची गोष्ट जरा निराळी. ‘मी मनाई करतो.’ रोममधल्या सामान्य जनांनी, ज्यांना प्लेब म्हणत, उमरावांच्या जाचाला कंटाळून शहर सोडले आणि बाहेर टेकडीवर जाऊन बसले. परंपरेने हे साल इ.स.पू. ४९४ मानतात. या बहिष्कारातून त्यांना आपले ट्रिब्यून मिळाले. अधिकाऱ्याचा हुकूम ट्रिब्यूनला आडवे होऊन थांबवता येई. खालच्यांनी मिळवलेला हा अधिकार. आज संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतल्या पाच बलाढ्य देशांच्या अधिकाराला हाच शब्द लावतात, सनदेत मात्र तो शब्द कुठे नाही.

पण मुलांना सर्वांत आवडतो तो इग्नोरेमस. आज इंग्रजीत हा शब्द शिवीसारखा आहे : अडाणी, ठोंब्या. मुळात ते क्रियापद आहे, ‘आम्हाला माहीत नाही’. इंग्लंडमध्ये कोणावर खटला चालवायचा की नाही हे आधी ग्रँड ज्युरी ठरवत असे. पुरावा पुरेसा वाटला नाही तर आरोपपत्राच्या पाठीवर ती लिहायची, इग्नोरेमस. म्हणजे, या माणसाविरुद्ध आम्हाला काही ठाऊक नाही, सोडा त्याला. सत्तेने आपले अज्ञान कबूल करण्याचा हा शब्द होता आणि त्या कबुलीने माणूस सुटत असे. पुढे १६१५ साली केंब्रिजमध्ये राजा पहिला जेम्स याच्यासमोर जॉर्ज रगल याचे ‘इग्नोरेमस’ नावाचे लॅटिन प्रहसन झाले. मोडकेतोडके लॅटिन फेकून रुबाब करणारा पण आत काही नसणारा एक वकील त्याचा नायक. या नाटकानंतर शब्द फिरला. गंमत पाहा, नाटककाराने अडाणी ठरवला तो वकील होता; पण शब्द रोजच्या भाषेत आला तो कोणत्याही न शिकलेल्या माणसाच्या अंगावर. काही विद्वान त्याचे अनेकवचन लॅटिनच्या धर्तीवर ‘इग्नोरेमाय’ करतात. क्रियापदाचे असे अनेकवचन होत नाही. विद्वत्ता दाखवायला जाऊन तेच त्या शब्दात सापडतात.

मग प्रश्न असा, की इंग्लंडच्या न्यायालयात इंग्रजी सोडून लॅटिन का? १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर राज्यकर्त्यांची भाषा फ्रेंच आणि दप्तराची लॅटिन झाली. वकील फ्रेंचमधून बोलत, नोंदी लॅटिनमध्ये होत, आणि ज्याची जमीन किंवा मान जायची तो शेतकरी इंग्रजी बोलत उभा असे. १३६२ साली कायदा झाला, की लोकांना फ्रेंच कळत नाही, सबब खटले इंग्रजीतून बोलावेत. तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिलेला होता! आणि नोंदी लॅटिनमध्येच ठेवाव्यात असे त्याने सांगितले.

लॅटिन येणे हे त्या काळी नुसते शिक्षण नव्हते. धर्मगुरूंना राजाच्या न्यायालयातली शिक्षा लागू होत नसे. धर्मगुरू कोण, तर ज्याला वाचता येते तो, अशी कसोटी हळूहळू रूढ झाली. फाशीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाने बायबलमधल्या एक्कावन्नाव्या स्तोत्राचा आरंभ लॅटिनमधून वाचून दाखवला की त्याची मान सुटे. त्या ओळीला लोक ‘मानेचा श्लोक’च म्हणत. नाटककार बेन जॉन्सनने १५९८ मध्ये द्वंद्वयुद्धात एका नटाला मारले आणि याच सवलतीवर तो वाचला. फक्त अंगठ्यावर डाग दिला गेला. त्याच गुन्ह्यातला निरक्षर माणूस फासावर जाई. काही निरक्षर ती ओळ ऐकून पाठ करत आणि पुस्तकाकडे बघत म्हणून दाखवत, असेही होई. मला त्यांच्याविषयी फार आपुलकी वाटते. १७०६ मध्ये ही वाचनाची अट गेली, १८२७ मध्ये सवलतच गेली. या सवलतीचे इंग्रजी नाव आणि ‘क्लार्क’ हा शब्द एकाच मुळातून आले आहेत. क्लार्क म्हणजे आधी धर्मगुरू, मग वाचता येणारा, मग खिडकीतला.

लॅटिनविरुद्ध आवाज उठला तो खालूनच. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीत लेव्हलर नावाची माणसे, त्यांत जॉन लिलबर्न पुढे, मागत होती की कायदा इंग्रजीत आणा, म्हणजे आम्हाला आमचा बचाव करता येईल. राजाचा शिरच्छेद केल्यानंतरच्या संसदेने १६५० मध्ये तसा कायदा केलाही. १६६० मध्ये राजेशाही परत आली आणि लॅटिनही परत आली. शेवटी १७३१ चा कायदा झाला, आणि २५ मार्च १७३३ पासून न्यायालयाची भाषा इंग्रजी झाली. पण त्याच वर्षी दुरुस्ती करून ठराविक पारिभाषिक शब्द लॅटिनमध्ये ठेवायला मुभा मिळाली, कारण म्हणे ते इंग्रजीत हास्यास्पद वाटतात. त्या फटीतून हे सगळे शब्द उरले. ब्लॅकस्टोन या कायदेपंडिताने १७६० च्या दशकात तक्रार केली, की इंग्रजी होऊनही लोक कायद्याबाबत पूर्वीइतकेच अज्ञानी आहेत. त्याला वाटले, मग बदलून काय मिळवले? मला वाटते, शब्द बदलले आणि शाळा बदलल्या नाहीत, तर दुसरे काय होणार?

इथे कोणी म्हणेल, ही लॅटिन एकदाची हाकलून द्यावी. मला तसे सरळ वाटत नाही, आणि त्याला कारण हेबिअस कॉर्पस. अर्थ : ‘तू देह हजर कर’. ज्याने माणूस कोंडला आहे त्याला न्यायालय हुकूम करते, की त्याला देहासकट समोर आण आणि का कोंडलेस ते सांग. जेम्स सॉमरसेट हा व्हर्जिनियात विकत घेतलेला आफ्रिकी गुलाम. मालक त्याला १७६९ मध्ये इंग्लंडला घेऊन आला. १७७१ मध्ये तो पळाला, पकडला गेला, आणि जमैकाला नेऊन विकण्यासाठी लंडनमध्ये एका जहाजावर साखळदंडात ठेवला गेला. त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममातापित्यांनी न्यायालयात अर्ज केला. हुकूम निघाला तो जहाजाच्या कप्तानाच्या नावाने : देह हजर कर. ज्याचा देह म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता, त्याच्या देहाबद्दल हा हुकूम. २२ जून १७७२ ला न्यायमूर्ती मॅन्सफील्ड यांनी निकाल दिला, की इंग्लंडच्या कायद्यात असे जबरदस्तीने बाहेर नेऊन विकण्याला आधार नाही. सॉमरसेट सुटला. ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी त्याने संपली नाही, त्यासाठीचा कायदा यायला १८३३ उजाडावे लागले. पण दोन लॅटिन शब्दांनी एका माणसाला जहाजावरून उतरवले.

म्हणूनच आपल्या घटनेच्या ३२ व्या आणि २२६ व्या कलमात हे शब्द जसेच्या तसे आले आहेत. ३२ वे कलम हे घटनेचा आत्मा आणि हृदय आहे, असे बाबासाहेबांनी ९ डिसेंबर १९४८ ला घटना समितीत सांगितले, ते या आदेशांमुळेच. हक्क लिहिला पण बजावून घेण्याचा उपाय दिला नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो. मात्र शब्द असला म्हणजे संरक्षण असतेच असे नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवले, की कैदेतल्या माणसाला हा आदेश मागताच येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरुद्ध गेले. तो निकाल चुकीचा होता असे त्याच न्यायालयाने म्हणायला २०१७ साल उजाडले.

आता मराठीचे पाहू. घटनेच्या मराठी पाठात या पाच आदेशांना देहोपस्थिती, महादेश, प्रतिषेध, क्वाधिकार आणि प्राकर्षण असे शब्द दिले आहेत. माझ्या वर्गात ‘क्वाधिकार’ म्हटल्यावर एकालाही अर्थ लागला नाही. रोमची बंद खोली सोडून आपण काशीच्या बंद खोलीत आलो, एवढाच फरक. ज्या बाबासाहेबांना एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत घेऊ दिले नाही आणि फारसी घ्यावी लागली, त्यांच्या घटनेचा मराठी अर्थ कळायला संस्कृत लागावे, हे मला खटकते. आणि मराठीला दुसरे जमत नाही असेही नाही. स्टेटस कोला मराठीने ‘जैसे थे’ दिला आहे. न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश दिला म्हटल्यावर गायरान कसणाऱ्या बाईलाही कळते की आपले खोपटे तूर्त हलत नाही. एक्स पार्टे म्हणजे ‘एकतर्फी’, सुओ मोटो म्हणजे ‘स्वतःहून’. इन कॅमेरा म्हणजे ‘बंद दाराआड’. लॅटिन ‘कॅमेरा’ म्हणजे खोली. हा शब्द तसाच ठेवला की काय होते पाहा : एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लिहिले, की अशा सुनावणीचे चित्रीकरण करतात. मी त्याचे गुण कापले नाहीत.

इंग्लंडने स्वतः २६ एप्रिल १९९९ पासून दिवाणी न्यायालयांच्या नव्या नियमांत यातले कित्येक शब्द टाकून साधे इंग्रजी घेतले. सबपीनाचे साक्षीदार-समन्स झाले. पाठोपाठ मँडॅमस आणि सर्शिओरारी यांचीही नावे बदलली. हेबिअस कॉर्पस मात्र त्यांनी ठेवले. आमच्याकडे वकिलांच्या तोंडी सगळेच अजून आहे.

वर्षाच्या शेवटच्या तासाला मी फळ्यावर को वॉरंटो लिहितो. अर्थ, ‘कोणत्या अधिकाराने?’ तेराव्या शतकात राजा पहिला एडवर्ड याने हा प्रश्न सरदारांना विचारला : तुम्ही जे अधिकार गाजवता ते कुठून आणलेत, सनद दाखवा. आपल्याकडे सार्वजनिक पदावर बेकायदा बसलेल्या माणसाला उच्च न्यायालयामार्फत हा प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारायला त्या पदावर आपला स्वतःचा हक्क असावा लागत नाही. कोणीही नागरिक विचारू शकतो. गेल्या वर्षी हे सांगून झाल्यावर मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘सर, सरपंचाला चालतंय का हे?’ मी म्हणालो, चालते. तिने वहीत मराठीत तेवढेच दोन शब्द लिहून घेतले आणि खाली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा पत्ता विचारला.