हादऱ्याचे तुकडे

28 ऑगस्ट 2022, दुपारचे अडीच. नोएडातले ‘ॲपेक्स’ आणि ‘सियान’ हे जुळे मनोरे, उंची शंभर मीटरच्या आसपास, दहाएक सेकंदांत खाली बसले. स्फोटकं लागली सुमारे 3,700 किलो. ढिगाऱ्याचा अंदाज होता 80,000 टनांचा. म्हणजे एका किलो स्फोटकामागे साडेएकवीस टन इमारत! आकडा कुठेतरी चुकलाय असंच वाटतं. पण तो बरोबर आहे. स्फोटकांनी फक्त खांबांचे पाय काढून घेतले, बाकी सगळं काम इमारतीच्या स्वतःच्या वजनानं केलं.

मला मात्र अचंबा वाटतो तो शेजाऱ्यांच्या घरांचा. सर्वांत जवळची वस्तीची इमारत जेमतेम नऊ मीटरवर होती. जमिनीखाली तीन मीटरवरून गॅसची वाहिनी गेली होती. हजारो माणसं सकाळीच घरं रिकामी करून गेली. संध्याकाळी हिशेब काय निघाला? शेजारच्या सोसायटीच्या कुंपणभिंतीचा दहाएक मीटरचा भाग पडला, काही काचा फुटल्या. राहती घरं उभी होती.

हे जमलं ते वेळेच्या हिशेबानं. मनोऱ्यांत नऊ हजारांहून जास्त भोकं पाडून त्यांत स्फोटकं भरली होती. ती सगळी एकाच क्षणी उडाली असती, तर त्यांचे हादरे एकमेकांवर स्वार होऊन जमिनीतून निघाले असते. म्हणून प्रत्येक गटाच्या डिटोनेटरला काही मिलिसेकंदांची उशिराची वेळ ठरवून देतात. कानाला एकच लांबलचक गडगडाट ऐकू येतो, जमिनीला मात्र हादरे सुटे सुटे मिळतात. शंभर पोरांनी लेझमीच्या तालावर एकदम पाय आपटला की पटांगण थरथरतं. तीच पोरं सुट्टीत इकडेतिकडे पळत असतील तर काहीच जाणवत नाही. वजन तेवढंच, पाय तेवढेच.

त्यात आणखी एक गंमत. स्फोटाइतकाच, कधी कधी त्याहून मोठा हादरा पडणाऱ्या इमारतीच्या आपटण्यानं बसतो. तिनं एकदम आदळू नये, मजल्यामागून मजला असं ओघळत यावं, आणि तेही शेजाऱ्याकडे पाठ करून, हे आधीच कागदावर ठरवावं लागतं. खांबांना जाळी आणि जाड कापड गुंडाळायचं ते वेगळ्या कारणासाठी: काँक्रीटचा टवका गोळीसारखा सुटू नये म्हणून.

किती हादरा चालेल, यालाही माप आहे. आपल्याकडे खाणींतल्या सुरुंगांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयानं 1997 साली मर्यादा घालून दिल्या. दुसऱ्याच्या मालकीच्या घराखालची जमीन, कंप सेकंदाला आठ आवर्तनांहून संथ असेल, तर सेकंदाला 5 मिलिमीटरपेक्षा वेगानं हलता कामा नये. पंचवीस आवर्तनांच्या वरच्या कंपाला मात्र 15 मिलिमीटरची मुभा. संथ कंपाला जास्त घाबरायचं, कारण घराचं स्वतःचं डोलणंही संथच असतं. दोघांची लय जुळली की भिंतीला तडा.

सगळं नेहमी कागदाप्रमाणे होतं असंही नाही. नोएडानंतर पाच आठवड्यांतच, 2 ऑक्टोबरच्या रात्री एकच्या सुमारास, पुण्यातला चांदणी चौकाचा पूल नोएडाचे मनोरे पाडणाऱ्याच कंपनीनं उडवला. इथे मोठा शेजारी म्हणजे मुंबई-बंगळुरू महामार्ग, म्हणून मध्यरात्रीची वेळ. 600 किलो स्फोटकं उडाली, धूळ बसली आणि पूल बराचसा जागेवरच! काँक्रीट निखळलं होतं, सळयांचा सांगाडा दाद देईना. आतलं पोलाद अपेक्षेपेक्षा दणकट निघालं, अशी कबुली कंपनीच्या माणसांनी दिली. शेवटी पोकलेननी तो खाली ओढला.

सळयांनी असा तग धरला हे वाचून जालनेकराला मनातल्या मनात थोडं बरं वाटणार. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या भंगार वितळवून सळया ओढतात. पाडकामातली सळई वाकडी, गंजकी असली तरी तिला भाव मिळतो. विटा-मातीचा राडारोडा मात्र कुणाला नको असतो. तो रात्रीतून कुठल्या नाल्याकाठी जातो ते सांगायला नको. खरं तर केंद्राच्या 2016 च्या नियमांनी दिवसाला 20 टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला 300 टन राडारोडा काढणाऱ्याला काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-चुना असं वेगळं करायला सांगितलं होतं.

जालन्यात शंभर मीटरचे मनोरे नाहीत. इथे पाडायचं असतं ते जुन्या जालन्यातलं एखादं दुमजली घर, तेही शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागलेलं. सुरुंगाचा प्रश्नच नाही; येतो तो ब्रेकर. मिनिटाला शेकडो ठोके, तेही एका तालात आणि दिवसचे दिवस. नोएडाच्या शेजाऱ्यांनी एका दिवसापुरतं घर सोडलं, इथल्या शेजाऱ्यानं ते महिनाभर सोसायचं. माझ्या मते त्याचं दुखणं जास्त खरं आहे, आणि त्यावर कुणी लिहीत नाही.

त्यात इथली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या भिंतींनाही ओढते. मे महिन्यात पाडकाम निघालं आणि शेजाऱ्याच्या भिंतीत तडा दिसला, तर तो ब्रेकरचा की मातीचा? भांडणाला इथूनच तोंड फुटतं. म्हणून जाणता अभियंता यंत्र यायच्या आधी शेजाऱ्याच्या घरात जातो, प्रत्येक तड्याचा तारखेसह फोटो काढतो आणि मोठ्या तड्यावर प्लास्टरची किंवा काचेची छोटी पट्टी आडवी चिकटवून ठेवतो. तडा किंचित जरी रुंदावला, तरी पट्टी फुटते आणि काम तिथेच थांबवता येतं.

दुसरी गोष्ट करायची ती हातानं. ब्रेकर लावण्याआधी सामाईक भिंतीजवळचा पट्टा वरपासून खालपर्यंत छिन्नीनं किंवा कटरनं कापून मोकळा करायचा. मध्ये वीतभर फट पडली की ठोके भिंतीतून थेट पलीकडे जात नाहीत, त्यांना जमिनीतून वळसा घालून जावं लागतं आणि वाटेत त्यांचा जोर ओसरतो. यात मजुरांचे दोन-तीन दिवस जास्त जातात, म्हणून ठेकेदार कुरकुरतो. शेजाऱ्यानं तिथे अडून बसावं.