वराटिका-परीक्षा : खडकाळ किनाऱ्यावरील लहान शंखांची ओळख

सुधावर्गातील द्रव्यांच्या शोधन-मारणाची चर्चा आपल्या सभांतून पुष्कळ होते. परंतु पुटात घातलेले मूळ द्रव्य नेमके कोणते, हा प्रश्न बहुधा गृहीतच धरला जातो. खेड हे जगबुडीकाठचे गाव. समुद्र येथे नाही. तथापि दापोली तालुक्यातील हर्णे आणि गुहागर तालुक्यातील हेदवी यांसारखे खडकाळ किनारे फार दूर नाहीत, आणि तेथे वेचलेले नाना जातींचे लहान शंख ‘कवडी’ या एकाच नावाखाली औषधशाळेच्या दारी येणे सहज संभवते. म्हणून त्यांच्या परीक्षेचा विचार आम्ही येथे मांडत आहोत.

रसरत्नसमुच्चयात कपर्दाची गणना साधारण रसांत केलेली आहे. वराटिका वर्णाने पिवळसर, पाठीवर गाठी असलेली व लांबट असावी, असे तिचे लक्षण सांगितले असून दीड निष्क वजनाची श्रेष्ठ, एक निष्काची मध्यम आणि पाऊण निष्काची कनिष्ठ मानली आहे. आधुनिक प्राणिशास्त्रात हिची ओळख ‘मोनेटारिया मोनेटा’ (जुने नाव ‘सायप्रिया मोनेटा’) या जातीशी जुळवली जाते. ही जात मुख्यतः लक्षद्वीप व मालदीव यांसारख्या प्रवाळबेटांभोवती विपुल आढळते. मालदीवच्या कवड्या शतकानुशतके चलन म्हणून भारतात येत असत. म्हणून कोकणातील खडकात सापडलेली प्रत्येक कवडी वराटिकाच असेल, असे समजू नये.

प्रथम कवडीवर्ग ओळखावा. पूर्ण वाढलेल्या कवडीचे वेटोळे बाहेरून दिसत नाही. पोटाच्या बाजूस या टोकापासून त्या टोकापर्यंत अरुंद चीर असते आणि चिरेच्या दोन्ही कडांना दात असतात. पाठ मुळातच चकचकीत असते. त्यानंतर जात पाहावी. वराटिका पिवळसर, काहीशी कोनयुक्त असून तिच्या कडांशी उंचवटे असतात. पाठ गुळगुळीत असून तिच्यावर सोनेरी वलय दिसल्यास ती ‘मोनेटारिया ॲन्युलस’ ही निराळी जात होय. तपकिरी पाठीवर लिपीसारख्या रेघा असलेली, आकाराने मोठी कवडी अरबी कवडी म्हणून ओळखली जाते. तीही वराटिका नव्हे. लाटांनी झिजलेल्या कवडीचा रंग व दात अस्पष्ट होतात, आणि कोवळ्या कवडीस दात आलेलेच नसतात. असा माल निश्चितीस अयोग्य समजावा.

खडकांवर सर्वाधिक फसवणारा शंख म्हणजे ‘नेरिटा’. तो जाड व अर्धगोल असून त्याच्याही मुखाशी दात असतात. परंतु त्याचे मुख अर्धचंद्राकार असते, आतील बाजूस सपाट फळी दिसते आणि जिवंत प्राण्याजवळ मुख बंद करणारे झाकण असते. कवडीस झाकण नसतेच. ‘टर्बो’ गोलाकार व ‘ट्रोकस’ शंकूसारखा. दोहोंच्या आत मोत्यासारखी चकाकी असते. टर्बोचे झाकण जाड व चुन्याचे असते, तर ट्रोकसचे पातळ व शृंगासारखे.

झाकणाचा हा विचार नखी या द्रव्यासाठीही उपयुक्त आहे. धूपात व सुगंधी तैलांत योजली जाणारी नखी म्हणजे सागरी शंखप्राण्यांचे शृंगमय, नखासारखे झाकण. तिचा तुकडा जाळल्यास केस जळल्यासारखा वास येतो. टर्बोचे चुनामय झाकण असे जळत नाही. ते नखी म्हणून घेऊ नये.

यावर कोणी म्हणेल, हे सारे कॅल्शियम कार्बोनेटच. मग एवढा काटेकोरपणा कशासाठी? लिंबाचा रस टाकल्यास कवडी, नेरिटा व शिंपला तिन्ही फसफसतात, आणि पुटानंतर तिन्हींचे पांढरे चूर्ण डोळ्यांना सारखेच दिसते, हे खरे. परंतु प्रवाळपंचामृतात शंख, शुक्ति व वराटिका यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. ही द्रव्ये एकच मानली असती, तर त्यांची वेगवेगळी योजना करण्याचे कारण उरले नसते. शिवाय परिणामशूल वा ग्रहणीच्या रुग्णास ‘कपर्दिक भस्म’ म्हणून दिलेले औषध खरोखर कपर्दिकेचे असावे, ही वैद्याची बांधिलकी आहे. भस्म झाल्यावर साध्या परीक्षेने द्रव्याची ओळख पटवता येत नाही; म्हणून निर्णय कांजीत स्वेदन करण्यापूर्वीच व्हावयास हवा.

औषधनिर्मात्यांनी कवड्या अखंडच घ्याव्यात. चुरा वा तुकडे स्वीकारू नयेत. प्रत्येक खेपेतील काही नग स्थळ व दिनांकासह बाटलीत जपून ठेवावेत. शेड्यूल टी नुसार कच्च्या द्रव्याची नोंद ठेवताना त्यांचा उपयोग होईल. शंका असल्यास नमुने रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रास वा पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रास दाखवावेत.

वेचणाऱ्यांनाही दोन गोष्टी सांगाव्यात. शंकूच्या आकाराचा जिवंत ‘कोनस’ हातात घेऊ नये. त्याचा दंश विषारी असतो. दुसरे असे की, शंख-कवड्यांच्या काही जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचींत आल्या. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या असून ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. ती यादी पाहूनच खरेदी करावी.

द्रव्यपरीक्षा हा औषधनिर्मितीचा पहिला संस्कार होय. तो चुकला तर पुढील कोणतेही पुट ती उणीव भरून काढू शकत नाही.