वर्कहाउसची धास्ती

१८३४ मध्ये ब्रिटिश संसदेने गरिबांना मदत देण्याची जुनी रीत मोडीत काढली. तोवर इंग्लंड-वेल्समधील पॅरिश (चर्चशी जोडलेला स्थानिक विभाग) निराधारांना बहुधा घरच्या घरीच पैसे किंवा पाव देत असे. नव्या कायद्याने अनेक पॅरिशचा एकेक संघ बनवला. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने संघाच्या वर्कहाउसमध्ये येऊन राहावे, असे धोरण ठरले. आतले जिणे बाहेरच्या सर्वांत हलक्या मजुरीपेक्षाही नकोसे असावे, हे त्यामागचे उघड तत्त्व होते. व्हिक्टोरिया राणीच्या सबंध कारकिर्दीत (१८३७–१९०१) हाच कायदा चालला.

वर्कहाउसच्या दारातच कुटुंब फुटे. नवरा पुरुषांच्या विभागात, बायको बायकांच्या, मुले तिसरीकडे. अंगावरचे कपडे काढून घेऊन गणवेश दिला जाई. जेवण मुख्यतः पाव आणि ओटच्या पातळ पेजेचे. पुरुष खडी फोडत. कुणी जहाजांचे जुने डांबरी दोर बोटांनी पिंजत; हे तंतू जहाजांच्या फटी बुजवायला लागत. अँडोव्हर गावच्या वर्कहाउसमध्ये खतासाठी हाडे कुटावी लागत. तिथले भुकेले लोक त्या कुजक्या हाडांतला मगज खातात, हे १८४५ मध्ये उघडकीस आले. त्या प्रकरणानंतर १८४७ मध्ये हा कायदा राबवणारा आयोगच गुंडाळावा लागला. वर्कहाउसमध्ये बेवारस मेलेल्याचे प्रेत शवविच्छेदनासाठी देण्याची मुभा तर १८३२ पासूनच होती.

ही धास्ती असल्यामुळे माणसे बाहेर मिळेल त्या मजुरीला राबत. लंडनच्या गोदीत रोज सकाळी फाटकाशी गर्दी जमे; मुकादम बोट दाखवील त्याला काही तासांचे काम, बाकीचे रिकाम्या हाती परत. पूर्व लंडनमध्ये बायका-मुले घरी काड्यापेट्या चिकटवत. १४४ पेट्यांना सुमारे सव्वादोन पेन्स मिळत आणि खळ पदरची घालावी लागे.

कायदे हळूहळू आले. १८३३ मध्ये कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना बंदी झाली. १८४२ मध्ये बायका आणि दहा वर्षांखालील मुलगे खाणींच्या पोटातून बाहेर आले. १८४७ मध्ये गिरण्यांतील बायका व किशोरवयीनांचा दिवस दहा तासांचा झाला. १८८८ मध्ये काडेपेटी कारखान्यातील मुलींनी आणि १८८९ मध्ये गोदी कामगारांनी संप जिंकले. गोदीत तासाला सहा पेन्स हा दर ठरला.

आळशीपणामुळे गरिबी येते, या समजाला समाजसंशोधक चार्ल्स बूथच्या लंडन-पाहणीने धक्का दिला. शहरातील ३०.७ टक्के लोक गरिबीत होते. अपुरी मजुरी, अनियमित काम, आजारपण आणि म्हातारपण ही त्याची मोठी कारणे निघाली. बूथने वृद्धांच्या पेन्शनचा आग्रह धरला. १९०९ पासून सत्तरीपुढील गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झाली, तीही पोस्टातून. वर्कहाउस चालवणारी मंडळे १९३० मध्ये बरखास्त झाली.